पपई देऊ नका

दार उघडलं आणि हातात पेला आला. चपला कुठे काढायच्या, बॅगा कुठे ठेवायच्या, हे विचारायच्याही आधी. पेला गरम होता, आतलं पाणी तांबूस होतं आणि त्याला लिंबाचा वास येत होता. एक घोट घेतला आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. ते आधीपासूनच माझ्याकडे बघत होते. गूळपाणी!

पुण्याहून मुंबई, मग युरोपात विमान बदलून बोगोटा, असा दीड दिवसाचा प्रवास करून आम्ही आलो होतो. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिथे सकाळचे आठ असतात. घड्याळ उलटं, ऋतू वेगळे, भाषेचा गंध नाही, आणि दारात मात्र गूळपाणी. माझ्या आजोळी उन्हातून आलेल्या माणसाला ओसरीवर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी मिळायचं, ‘कोण, कुठले’ हे नंतर. इथे थंडीतून आलेल्या माणसासाठी तेच उकळून ठेवलं होतं. ते लोक त्याला ‘आग्वापानेला’ म्हणतात. पानेला म्हणजे उसाचा रस आटवून पाडलेली ढेप, निव्वळ गूळ. ऊस मुळात तिकडचा नव्हे. 1493 साली कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याने तो अटलांटिकपार नेला. म्हणजे गूळपाणी आमच्याआधी पाचशे वर्षं त्या वाटेने गेलं होतं.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ‘भौगोलिक कारणे द्या : बोगोटा विषुववृत्ताजवळ असूनही तेथील हवा थंड असते.’ या प्रश्नाला दोन गुण असत. उंची वाढते तसं तापमान घटतं, एवढं लिहिलं की दोन्ही द्यायचे. त्या उत्तरात आता मी दोन स्वेटर घालून उभी होते. शहर 2600 मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा साडेनऊशे मीटर वर. दोन जिने चढले की छातीत भाता चालायला लागायचा. बारा महिने तेरा काळ महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखी हवा, आणि दिवसातून चार वेळा पाऊस येऊन ‘आलोच होतो, जातो’ म्हणून जाणारा.

या घराशी आमचा संबंध एका खोलीचा. 2020च्या जानेवारीत या घरातला मुलगा तीन महिन्यांच्या कामासाठी पुण्यात आला आणि आमच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिला. मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं सुरू होऊन तो घरी पोचेपर्यंत सप्टेंबर संपत आला होता. आठ महिन्यांत तो पोळी लाटायला शिकला, गॅलरीत उभा राहून थाळी वाजवून झाली, एकदा त्याला ताप आला तेव्हा आम्ही दोघांनीही चार दिवस देव पाण्यात ठेवले. मराठीचे चाळीसेक शब्द तो घेऊन गेला. त्यातले त्याला सर्वांत पाठ होते ‘पुरे’ आणि ‘थोडंच’, कारण ते उच्चारूनही उपयोग होत नसे. आता तीन वर्षांनी, ऑक्टोबर 2023मध्ये, आम्ही त्याच्या घरी होतो आणि ‘पुरे’ म्हणायची पाळी आमची होती. उपयोग तिथेही झाला नाही.

घरात तिघं : मुलगा, त्याची आई आणि आईचे वडील. आईला आम्ही काकू म्हणायला लागलो. त्यांच्या भाषेत काकू, मावशी, आत्या, मामी या सगळ्यांना मिळून ‘तिया’ हा एकच शब्द आहे. मी मुलाकरवी आपले चारही शब्द समजावून सांगितले, तेव्हा काकू गंभीरपणे म्हणाल्या, “मग तुमच्याकडे भांडणं जास्त होत असणार.” आजोबा चौऱ्याऐंशीचे. कडक इस्त्रीचा कोट, डोक्यावर हॅट, हातात काठी. आपल्या मुलीलाही ते ‘उस्तेद’ म्हणजे आपण म्हणत, आणि मला ‘सुमेर्से’. हा या पठारावरचा खास जुना शब्द. मुळात तो थोरामोठ्यांना उद्देशून ‘आपली कृपा’ असा. झिजत झिजत घरगुती मायेचा झालेला. तीस वर्षं नुसत्या ‘बाई’ ऐकलेल्या माझ्यासारखीला ही बढती मोठीच होती.

पहिल्या सकाळी बाहेर पडताना आजोबांनी दारात अडवलं. ह्यांच्या गळ्यातला कॅमेरा काढून कोटाच्या आत सरकवला, माझी पर्स पाठीवरून पोटावर आणली आणि बोट वर करून म्हणाले, “नो दे पापाया.”

पपई देऊ नका.

मुलाने उलगडा केला. पपई मऊ, गोड, सोलायला सोपी. ती समोर ठेवली की कोणीही कापून खाणार. म्हणून मोबाइल हातात मिरवू नका, पाकीट मागच्या खिशात ठेवू नका, अंधारात रस्ता विचारू नका. सोपी शिकार होऊ नका. या म्हणीला पुढचा भागही आहे : ठेवलेली पपई ती कापलेली पपई. म्हणजे चोरी झाली तर चूक तुमची. आपणही ‘दार उघडं टाकलं तर चोर येणारच’ म्हणतो, पण आपण ते घटना घडल्यावर म्हणतो. इथे लोक ते ‘सांभाळून जा’सारखं दारात म्हणतात. जिथे सावधपणाची म्हण रोजच्या निरोपाची झाली आहे, त्या शहराने काय काय सोसलं असेल, असं तेव्हा मनात येऊन गेलं. तेव्हा फक्त येऊन गेलं.

बोगोटात वाट चुकणं अवघड आहे. पूर्वेला डोंगरांची भिंत कायमची उभी. डोंगराला समांतर धावतात त्या ‘कारेरा’, डोंगराकडून खाली येतात त्या ‘काये’, आणि दोन्हींना नावं नव्हे, आकडे. सातवी, दहावी, सव्विसावी. पुण्यात पत्ता सांगताना चितळे, मारुती, पिंपळाचं झाड असं सगळं लागतं, इथे गणित लागतं. लाल रंगाच्या लांबलचक जोडबसमधून जाताना ह्यांना एकदम आठवलं, 2006 साली पुण्यात बीआरटी आली तेव्हा भाषणांमधून हेच बोगोटा ऐकलं होतं. “हीच का ती?” म्हणून त्यांनी खांबाला आदराने हात लावला. गर्दी इतकी की हात काढायला जागा उरली नाही. तेवढं साम्य पुरेसं होतं.

मोन्सेर्राते हा शहराच्या डोक्यावरचा डोंगर, 3152 मीटर. वर पांढरं देऊळवजा चर्च, आत पडलेल्या ख्रिस्ताची मूर्ती. 1929पासून तिथे रुळांवरची गाडी जाते आणि 1955पासून तारेवरची. नवस बोललेले लोक मात्र पायऱ्यांनी चढतात, काही जण गुडघ्यांवर. जेजुरी डोळ्यांपुढे आली. मुलाची मैत्रीण सोबत यायची होती, ती पायथ्याशीच थांबली. लग्नाआधी जोडीने मोन्सेर्राते चढलं तर लग्न होत नाही, असं तिथे मानतात. “विश्वास नाही माझा,” ती म्हणाली, “पण उगाच कशाला!” हे वाक्य तर मी पुण्यात रोज ऐकते.

वर गेल्यावर कळलं की काकू तिथे वीस वर्षांनी येत होत्या आणि आजोबा त्याहून जास्त. सारसबागेजवळ राहणाऱ्या आम्हाला शनिवारवाड्यात जायला पाहुणे यावे लागतात, तसंच. पाहुणा आला की यजमान आपल्याच गावात यात्रेकरू होतो. आधी सवयीने दाखवायला लागतो, मग दाखवता दाखवता स्वतः बघायला लागतो. काकू कठड्याशी उभ्या राहून बोटाने शहर दाखवत होत्या : हा बोलीवार चौक, ही विटांच्या इमारतींची रांग, ते विद्यापीठ, त्या उत्तरेकडच्या चकचकीत वस्त्या. बोट उत्तरेकडून निघून मध्यावर येई आणि तिथून उचलून पुन्हा उत्तरेला जाई. दक्षिणेला टेकड्यांवर दाटीने चढलेली, क्षितिजापर्यंत पसरलेली घरं होती. त्यांच्यावर बोट टेकलंच नाही.

मुलाच्या ते लक्षात आलं. त्याने तिकडे हात केला आणि सांगायला लागला. शहरातल्या सगळ्याच वस्त्यांना आकडे आहेत, एक ते सहा, त्यांना ‘एस्त्रातो’ म्हणतात. वीज-पाण्याचं बिल त्यावर ठरतं. पाच-सहावाले जास्त भरतात, त्यातून एक-दोन-तीनवाल्यांना सवलत मिळते. हेतू चांगलाच होता. पण आकडा बिलापुरता राहिला नाही, माणसांना चिकटला. ‘तो एकमधला’, ‘ती सहामधली’ असं लोक सर्रास बोलतात. “आम्ही तीन,” तो म्हणाला. काकूंनी त्याच्या दंडाला हलकेच चिमटा काढला, तो मला दिसला. मुंबईत विमान उतरताना खिडकीतून निळ्या ताडपत्र्यांची छपरं दिसतात आणि शेजारी परदेशी पाहुणा असला तर आपण त्याला समुद्र दाखवतो. मी काकूंना काय म्हणणार!

सुवर्णसंग्रहालयात मात्र त्यांचं बोट कुठेच अडखळलं नाही. मध्यवर्ती बँकेचं हे संग्रहालय 1939पासूनचं. सोन्याच्या हजारो वस्तू, पण लोक येतात ते एका वीतभर तराफ्यासाठी. 1969मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत शेतकऱ्यांना तो सापडला. मधोमध नवा मुखिया, भोवती वल्ही मारणारे, सगळे सोन्याच्या तारेतून वळल्यासारखे. मुइस्का लोकांचा हा प्रदेश. त्यांचा नवा राजा अंगाला सोन्याची भुकटी फासून ग्वाताविता तळ्याच्या मध्यावर तराफ्याने जाई आणि सोनं, पाचू पाण्यात अर्पण करी, अशी कथा. त्या कथेचं युरोपात ‘एल दोरादो’ झालं आणि तलवारी निघाल्या. 1538 साली स्पॅनिशांनी हे शहर वसवलं. पुढे त्याच शतकात एकाने तळं उपसायला त्याचा काठच कापला. ती खाच आजही दिसते.

मला दुसरंच एक लक्षात राहिलं. मुइस्कांच्या अर्पणाच्या लहान मूर्ती घासूनपुसून चकचकीत केलेल्या नाहीत. साच्यातून काढल्या तशाच, कडा खडबडीत, ओघळ तसेच. द्यायच्याच होत्या, मिरवायच्या नव्हत्या. शिवाय त्यांच्या पठारावर सोनं फारसं नव्हतंच. मीठ आणि कापड देऊन ते बाहेरून आणायचे, आणि आणून पाण्यात सोडायचे. शेवटच्या दालनात अंधार करतात, मंत्रोच्चारासारखा आवाज सुरू होतो आणि हळूहळू चारी भिंती सोन्याने उजळतात. त्या उजेडात आजोबा माझ्या कानाशी म्हणाले, “यांनी दिली पपई.”

हसू आलं, आणि पुढच्या क्षणी गेलं.

बाहेर आल्यावर टपरीवर कॉफी घेतली. साध्या काळ्या कॉफीला ते ‘तिंतो’ म्हणतात. काकूंनी जे वाक्य म्हटलं त्याचा मुलाने शब्दशः अर्थ सांगितला : “मला चार तिंतो भेट देता का?” दुकानदार म्हणाला, “आनंदाने.” मग काकूंनी पैसे मोजून दिले. विकत घेताना ‘भेट द्या’ म्हणायची ही तऱ्हा तिथे सगळीकडे आहे. ब्रेड भेट द्या, सही भेट द्या, एक मिनिट भेट द्या. एकीकडे पपई देऊ नका आणि दुसरीकडे उठता-बसता भेट द्या. एकाच तोंडात दोन्ही वाक्यं कशी राहतात, हे मला तिथे असेपर्यंत सुटत होतं आणि पुन्हा गुंतत होतं.

पंधरा तारखेला रविवार होता आणि आमची घटस्थापना. मी नवरात्राचे उठता-बसता उपवास करते. सकाळी सगळ्यांनी मिळून रस्त्यावर चालायला जायचं ठरलेलं. 1974पासून बोगोटात दर रविवारी आणि सुट्टीला सकाळी सात ते दुपारी दोन मुख्य रस्ते मोटारींना बंद असतात. शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते सायकलींना, स्केटवाल्यांना, कुत्री फिरवणाऱ्यांना, बाबागाड्यांना. त्या दिवशी एकाही कपाळावर मला आकडा दिसला नाही. एकमधले, तीनमधले, सहामधले, सगळे एकाच फळांच्या गाडीशी घाम पुसत उभे होते.

घरी आल्यावर काकूंनी अहियाको मांडलं. हे बोगोटाचं मानाचं सूप. त्यात तीन जातींचे बटाटे; एक विरघळतो, एक मऊ पडतो, एक तसाच उभा राहतो. शिवाय मक्याचं कणीस आणि ग्वास्कास नावाच्या पाल्याचा रानवट वास. मूळ पदार्थात कोंबडी असते. आमच्यासाठी काकूंनी पहाटे उठून वेगळं भांडं चढवलं होतं. आणि मी सांगितलं, आज उपवास. काकूंचा चेहरा पडला. काहीच खाणार नाही? तसं नाही, म्हटलं, काही गोष्टी चालतात. त्या कागद-पेन्सिल घेऊनच बसल्या. बटाटा चालतो. रताळं चालतं. शेंगदाणे. हिरवी मिरची. साबूदाणा म्हणजे कशाचा, असं विचारल्यावर ह्यांनी मोबाइलवर कंद काढून दाखवला. “युका!” काकू ओरडल्या. राजगिरा चालतो. पपई चालते. यादी पुरी झाली आणि आजोबांनी ती हातात घेऊन चष्मा लावून दोनदा वाचली. गहू, तांदूळ, डाळी, म्हणजे आमचं रोजचं सगळं, त्या दिवशी वर्ज्य. आणि यादीतलं एकूण एक मुळात अमेरिकेच्या भूमीतून आलेलं. “सुमेर्से,” ते म्हणाले, “तुमची देवी आमच्याकडची दिसते.”

मीठ-बटाट्याचं साधं सूप, वर दाण्याचं कूट, असा बोगोटातला माझा उपवास झाला. काकूंनी त्याची पाककृती लिहून घेतली.

मंगळवारी सेप्तिमावर, म्हणजे सातव्या कारेरावर गेलो. इथे एका इमारतीच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या आहेत. 9 एप्रिल 1948 रोजी दुपारी होर्हे एलिएसेर गायतान हा गरिबांचा पुढारी त्या जागी गोळ्या लागून पडला आणि काही तासांत शहर पेटलं. तो दिवस तिथे ‘बोगोतासो’ म्हणून ओळखला जातो. पुढे कादंबरीकार झालेला, तेव्हा विशीत असलेला गार्सिया मार्केझ इथे कायद्याचा विद्यार्थी होता, त्याची खानावळही त्या आगीत गेली. पुढची कित्येक वर्षं देश आपापसांत मरत राहिला. पाट्यांशी उभे असताना लक्षात आलं, आजोबा सोबत नाहीत. ते वीस पावलं मागे, चौकाच्या पलीकडेच थांबले होते. काकू हळूच म्हणाल्या, ते या कोपऱ्यावर येत नाहीत. नऊ वर्षांचे होते. वडिलांचा हात धरून घरी पळताना त्यांनी ट्रॅम जळताना बघितली होती. माणसांसकट की रिकामी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांना कोणी विचारलं नाही.

हे नेमके तेव्हा मोबाइल काढून पाटीचा फोटो घेत होते. सायकलवरचा मुलगा जवळून गेला एवढंच मला दिसलं. ह्यांचा हात तसाच हवेत राहिला, नुसता, फोटो काढण्याच्या बेतात.

आम्हाला फार वाटलं नाही. जुना फोन होता. पण यजमानांची जी अवस्था झाली ती बघवेना. काकू “के पेना, के पेना” म्हणत राहिल्या. पेना म्हणजे लाज आणि दुःख, दोन्ही. मुलगा पोलीस शोधत पळाला. आणि जे आजोबा पंचाहत्तर वर्षं तो चौक टाळत आले होते, ते काठी टेकत रस्ता ओलांडून पाट्यांपाशी आले, हॅट काढली आणि ह्यांच्यापुढे मान खाली घातली. ‘ठेवलेली पपई ती कापलेली पपई’ असं ते म्हणतील, या तयारीत आम्ही होतो. ते म्हणाले, “माझ्या शहराला माफ करा.”

मला 2020चा जानेवारी आठवला. मुलगा पुण्यात आला त्याच आठवड्यात एका रिक्षावाल्याने त्याला स्टेशनपासून घरापर्यंत आठशे रुपयांना आणलं होतं. तो हसत सांगत होता आणि माझे कान तापले होते, जणू रिक्षा मीच चालवत होते. एरवी पुण्याच्या रिक्षांवर सर्वांत जास्त तोंड मीच टाकते. पण पाहुण्यासमोर शहर आपलं होतं, चोरासकट. मोन्सेर्रातेवरून काकूंचं बोट दक्षिणेवर टेकलं नव्हतं, त्याचाही अर्थ तेव्हा लागला. चौक आणि चर्च पुस्तकातही सापडतात. शहराची लाज मात्र यजमानाच्या चेहऱ्यावरच बघायला मिळते. अभिमान उसना आणता येतो, दुसऱ्याच्या चोरीची लाज आणता येत नाही. ती ज्याला वाटते, तो त्या गावचा.

त्या संध्याकाळी काकूंनी चॉकलेट केलं. गरम चॉकलेटच्या पेल्यात पांढऱ्या चीजचे तुकडे टाकायचे, ते वितळायला लागले की चमच्याने तार ओढत खायचे. पहिल्या दिवशी मला ते बघूनच कसंसं झालं होतं, आता मी तिसरा तुकडा टाकत होते. काकू अजून माफीच मागत होत्या. तुम्ही माझ्या मुलाला आठ महिने सांभाळलंत आणि आम्ही तुमचा एक फोन सांभाळू शकलो नाही, असं काहीसं. ते ऐकवेना. कारण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून टोचत होती. आठही महिने आम्ही त्याच्याकडून खोलीचं भाडं घेतलं होतं. जगात सगळं ठप्प असताना, एक तारखेला, बिनचूक. जेवणाचे पैसे घेतले नाहीत, तापात रात्री जागलो, हे खरं. पण भाडं घेतलं हेही खरं. इथे आम्हाला जे मिळत होतं ते सगळं ‘मुलाला आसरा दिला’ या खात्यावर मिळत होतं आणि ते खातं तेवढं स्वच्छ नव्हतं.

मी मुलाला म्हटलं, जसंच्या तसं सांग. त्याने “जाऊ दे ना” असं मराठीत म्हटलं. हे त्याला कोणी शिकवलं कोण जाणे. मी हट्ट धरला, त्याने सांगितलं. काकूंनी चमचा खाली ठेवला.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पैसे मीच पाठवत होते इथून.”

एक क्षण कोणीच बोललं नाही. मग त्यांनी माझ्या पेल्यात आणखी चॉकलेट ओतलं. काठोकाठ, बशीत सांडेपर्यंत. ‘पुरे’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलगा म्हणाला, एक जागा राहिली. ‘फ्राग्मेन्तोस’ तिचं नाव, म्हणजे तुकडे. राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यापासून जवळच, एका जुन्या पडक्या घराच्या भिंती तशाच ठेवून दोरिस साल्सेदो या कलावतीने 2018मध्ये ती केली. बघायचं काय, तर फरशी. अर्ध्या शतकाच्या यादवीनंतर बंडखोरांनी खाली ठेवलेल्या बंदुका वितळवून, सदतीस टन धातूच्या, 1296 काळपट लाद्या. त्यांचे साचे त्या युद्धात अत्याचार सोसलेल्या बायकांनी हातोड्यांनी ठोकून घडवले. प्रत्येक लादीवर ते घाव उमटलेले आहेत. स्मारक म्हटलं की आपण मान वर करतो. इथे पायाखाली बघायचं.

मुलाने जाता जाता सांगितलं, 2016च्या ऑक्टोबरमध्ये या बंडखोरांशी झालेल्या तहावर जनमत घेतलं तेव्हा तो ‘नाही’ पक्षाच्या निसटत्या बहुमताने फेटाळला गेला. मग दुरुस्त्या करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा सह्या झाल्या. या घरात तेव्हा मुलाने ‘हो’ म्हटलं होतं, आजोबांनी ‘नाही’. दोघांनी महिनाभर एका टेबलावर बसून एकमेकांना फक्त मीठ मागितलं. नंतर तो विषय कोणी काढला नाही आणि आजोबा इथे कधी आले नाहीत. आज आले, कारण पाहुण्यांना दाखवायचं होतं.

आत कोणीच नव्हतं. काचेपलीकडे ओली बाग, वर पाऊस. मला तिथे पाय ठेवायला संकोच वाटला, पण त्यासाठीच ते केलं आहे म्हणे. आजोबा काठी टेकत मध्यापर्यंत गेले. काठीचा आवाज धातूचा आला. त्यांनी पुन्हा एकदा टेकवून बघितली, जास्त जोराने. मग एका हाताने नातवाचा खांदा धरून कष्टाने वाकले आणि तळवा लादीवर ठेवला.

“थंड आहे,” एवढंच म्हणाले. नातवाने त्यांना उठवलं आणि बाहेर येईपर्यंत खांद्यावरचा हात तिथेच होता.

शेवटच्या सकाळी बॅगांमध्ये जागा उरली नव्हती तरी काकू डबे कोंबत होत्या. त्यात बोकादियो होतं : पेरूचा गर साखरेत आटवून थापलेल्या लाल वड्या, पानात गुंडाळलेल्या. चव बघितली आणि म्हटलं, हे तर गोव्याचं पेराद. काकूंना गोवा कुठे हे माहीत नव्हतं आणि मला तेव्हा नकाशा काढून शिकवायला वेळ नव्हता. पुण्याला या, एवढंच म्हटलं. खोली तयार आहे, आणि या वेळी भाडं नाही. काकू इतक्या हसल्या की आजोबांना सगळं पुन्हा सांगावं लागलं.

आजोबा टेबलाशी बसून रोजच्यासारखे पपई कापत होते. दहा दिवस सकाळी हे काम त्यांनी कोणाला करू दिलं नव्हतं. उभी चिरायची, बिया चमच्याने काढायच्या, साल सोडवायची, एकसारख्या फोडी करायच्या, वर लिंबू पिळायचं आणि आधी पाहुण्यांच्या ताटलीत वाढायचं. हात थरथरत, पण फोड तुटायची नाही. वाढून झाल्यावर त्यांनी ह्यांना नखशिखान्त न्याहाळलं. काकूंचा जुना मोबाइल आता ह्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशातून अर्धा बाहेर आला होता. आजोबांनी सुरी खाली ठेवली, बोट वर केलं.

“नो दे पापाया.”

ह्यांना दहा दिवसांत स्पॅनिशची दहा वाक्यंही आली नव्हती. त्यांनी नुसती समोरची ताटली उचलली, फोडींकडे बोट केलं, मग आजोबांकडे.

आजोबा आधी गोंधळले. मग काठीवर दोन्ही हात ठेवून आवाज न करता हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुलाने भाषांतर करायची वाट न बघता म्हणाले, “एन ला कासा, सी.”

घरात, हो. घरात चालते.